रिमफायर पिस्तूल कसे निवडावे: नाशिकच्या हौशी नेमबाजांसाठी

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली आणि ज्याची नेमबाजीतली जडणघडण नाशिकमध्ये झाली त्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले. तेव्हापासून गंगापूर रोड असो वा नाशिकरोड, ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: हौस म्हणून निशाणेबाजी करायची आहे, तर ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे ०.२२ इंची रिमफायर काडतुसाचे, पिस्तूल कोणते घ्यावे? प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे नाव ऐकायचे असते. माझे मत असे आहे की कंपनीचे नाव हा या निवडीतला शेवटचा टप्पा आहे. आपल्या हाताला बसणारी ग्रिप (मूठ), स्वच्छ सुटणारा ट्रिगर आणि आपल्याला वर्षभर मिळत राहील अशा काडतुसावर न अडखळता चालणारी यंत्रणा या तीन गोष्टी जुळल्या, तर मध्यम किमतीचे पिस्तूलही वर्षानुवर्षे साथ देते; त्या जुळल्या नाहीत, तर नामांकित पिस्तूलही कपाटात पडून राहते.

ज्यांनी अजून एकही गोळी झाडलेली नाही, त्यांनी सुरुवात रिमफायरने करू नये, तर १० मीटरच्या एअर पिस्तुलाने करावी. ४.५ मिलिमीटर छिद्राच्या आणि नियमांतील ऊर्जा-मर्यादेत बसणाऱ्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात आणि धक्का जवळजवळ नसल्यामुळे आपली चूक आपल्याला स्पष्ट दिसते. एअर पिस्तुलात छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत हात स्थिर ठेवण्याची जी सवय लागते, तीच पुढे रिमफायरच्या २५ मीटर अंतरावर कामाला येते. निदान एक हंगाम असा सराव झाल्यावर क्लबच्या मालकीच्या रिमफायर पिस्तुलावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हात बसवावा आणि मगच स्वतःच्या पिस्तुलाचा विचार करावा. क्लबची दोन-तीन वेगवेगळी पिस्तुले हाताळल्यावर आपल्याला काय रुचते हे जितके कळते, तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

रिमफायर म्हणजे काय, हेही आधी नीट समजून घ्यावे, कारण निवडीचे आणि निगेचे बरेचसे नियम त्यातूनच निघतात. या काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीत पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर चेपली जाते आणि दारू पेटते. ५.६ मिलिमीटरची सुमारे ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी, कमी दाब आणि सौम्य धक्का यांमुळे हे काडतूस सरावाला उत्तम ठरते. रिकामे आवरण पुन्हा भरून वापरता येत नाही, त्यामुळे दर सरावाला नवी काडतुसे लागतात आणि त्यांचा खर्च सुरुवातीपासून हिशोबात धरावा लागतो.

परवाना आधी, पिस्तूल नंतर

रिमफायर पिस्तूल हे कायद्याच्या दृष्टीने पूर्ण अर्थाने बंदुकीच्या वर्गातले शस्त्र आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली त्याला परवाना लागतो. नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयाकडे, तर आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, म्हणजे निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण या गोष्टी पाहिल्या जातात. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नामवंत खेळाडूंना संख्येत वेगळी सवलत आहे. क्रीडा प्रकारासाठी अर्ज करताना मान्यताप्राप्त क्लबचे सदस्यत्व आणि स्पर्धांमधील सहभागाची प्रमाणपत्रे जोडली, तर आपला हेतू कागदावर स्पष्ट होतो. म्हणून जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत क्लबच्या शस्त्रावर का होईना, पण भाग घ्यावा. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि त्यांच्याच नावाची स्पर्धा आज राष्ट्रीय स्पर्धेच्या दारातली पायरी समजली जाते. हौशी माणसालाही या वाटेवर चालायला काहीच हरकत नाही.

दोनच शस्त्रांच्या मर्यादेमुळे निवड अधिक काळजीने करावी लागते. नको असलेले पिस्तूल बदलायचे म्हटले, तरी पुन्हा कागदपत्रे, नोंदी आणि वाट पाहणे आले. त्यातच परदेशी पिस्तूल सामान्य माणसाला सहज आयात करता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक व्यवहार परवानाधारक विक्रेत्यांमार्फत किंवा एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे, परवानगी घेऊन झालेल्या हस्तांतरणातून होतात. बाजारात जे उपलब्ध असेल, त्यातूनच आपल्याला निवडायचे असते.

कोणत्या मापात बसले पाहिजे

निव्वळ आनंदासाठी खेळणाऱ्यानेही आंतरराष्ट्रीय नियमांच्या मापात बसणारेच पिस्तूल घ्यावे, असा माझा आग्रह आहे. आज स्पर्धेचा विचार मनात नसला, तरी उद्या येतो, आणि तेव्हा पिस्तूल मापाबाहेरचे निघाले तर सगळी खटपट वाया जाते. २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलासाठी नियम असे आहेत: वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळीची लांबी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, मागच्या आणि पुढच्या साइटमधले (नेम जुळवण्याची मागची खाच आणि पुढचा खुंट यांतले) अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, ट्रिगरचा ताण किमान १००० ग्रॅम, आणि संपूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे.

जुन्या पिस्तुलांच्या बाबतीत दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. पूर्वी रॅपिड फायर, म्हणजे झटपट गोळ्या झाडण्याच्या, प्रकारात पॉइंट टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस वापरले जाई. २००५पासून तेथेही ‘लाँग रायफल’ हे पॉइंट टू-टूचे नेहमीचे, लांब काडतूस सक्तीचे झाले. त्यामुळे वॉल्थर ओएसपीसारखी त्या काळातली देखणी पिस्तुले कधी स्वस्तात मिळतात, पण शॉर्ट काडतूस मिळवणे अवघड असते आणि स्पर्धेत ती चालत नाहीत. नळीवर कोरलेला मजकूर वाचून काडतुसाचा प्रकार पक्का करावा आणि मगच बोलणी पुढे न्यावीत. दुसरा प्रकार ५० मीटर फ्री पिस्तुलाचा. लांब नळी, एकच गोळी भरण्याची रचना, हाताला वेढणारी ग्रिप आणि अतिशय हलका ट्रिगर असलेले हे पिस्तूल अचूकतेत अव्वल असते, परंतु २०१६च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला आणि २५ मीटरच्या प्रकारांत हे पिस्तूल वापरता येत नाही. संग्रहासाठी ते उत्तम आहे, पहिल्या खरेदीसाठी नाही.

भारतीय आयुधनिर्माणीचे अगदी हलके पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरही काही जण सुचवतात. आखूड नळीचे ते शस्त्र स्वसंरक्षण डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले आहे; निशाणेबाजीसाठी ते घेऊ नये.

ग्रिप

पिस्तूल हातात घेण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि नळी सतत निशाणाच्या दिशेने ठेवावी. विक्रेत्याने ‘रिकामे आहे’ असे सांगितले असले, तरी हा क्रम चुकवू नये.

मग पिस्तूल पकडून उभे राहावे, निशाणाकडे पाहावे, डोळे मिटावेत, हात नेहमीच्या उंचीला उचलावा आणि डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप, मनगट न वळवता, मधोमध आलेली दिसली तर ग्रिपचा कोन आपल्या हाताला मानवतो. पुढची साइट दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला सरकलेली किंवा वर चढलेली दिसत असेल, तर मनगटाला प्रत्येक गोळीला दुरुस्ती करावी लागेल, आणि साठ गोळ्यांच्या फेरीत ती दुरुस्ती शेवटपर्यंत सारखी राहत नाही. हा प्रयोग चार-पाचदा करावा, हात खाली ठेवून विश्रांती घ्यावी आणि पुन्हा करावा.

तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सपाट टेकले पाहिजे आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला घासता कामा नये; तिथे काडेपेटीतली एक काडी सहज सरकेल एवढी फट असावी. बोट लाकडाला टेकत असेल, तर ट्रिगर दाबताना पिस्तूलही बाजूला ढकलले जाते. स्पर्धेच्या पिस्तुलांना अक्रोडाच्या लाकडाची, हाताच्या आकाराची ग्रिप असते आणि ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. दुसऱ्याच्या हाताची ग्रिप असलेले जुने पिस्तूल नाकारायची घाई करू नये: मोठी ग्रिप कानशीने घासता येते आणि लहान ग्रिपवर लाकडाची लुगदी लावून भर घालता येते. मात्र उजव्या हाताची ग्रिप डावखुऱ्याला कधीच बसत नाही. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा प्रभावी डोळा डावा असू शकतो. प्रशिक्षकाकडून तेवढे तपासून घेतल्याशिवाय हाताची निवडही पक्की समजू नये.

ट्रिगर

ट्रिगरचा विचार करताना लोक फक्त वजन विचारतात. वजन महत्त्वाचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे तो सुटतो कसा. चांगल्या दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा हलका आणि एकसारखा जातो, मग बोटाला एक ठाम अडथळा जाणवतो आणि त्या अडथळ्यावर थोडासा दाब वाढवताच, कुठेही न सरकता, तो सुटतो. अडथळ्यानंतर खरखरीत, टप्प्याटप्प्याने सरकणारा ट्रिगर असेल, तर नेमबाज प्रत्येक खरखरीला ‘आता सुटेल’ असे समजून हात आवळतो. सुटल्यानंतरही ट्रिगर फार मागे जात असेल, तर गोळी नळीत असतानाच बोटाचा धक्का पिस्तुलाला बसतो. पहिला टप्पा, सुटण्याचा बिंदू आणि नंतरचा प्रवास हे तिन्ही स्क्रूने जुळवता येतील असे पिस्तूल मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

तपासणी पांढऱ्या कोऱ्या भिंतीवर करावी. रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने, रिकाम्या पिस्तुलाने, निशाण नसलेल्या भिंतीकडे नेम धरून ट्रिगर सोडावा आणि नजर फक्त पुढच्या साइटवर ठेवावी. ट्रिगर सुटताना ती जागची हलली नाही तर उत्तम. हलली तर कोणत्या दिशेला हलली ते लक्षात ठेवून ग्रिप आणि बोटाची जागा बदलून पुन्हा पाहावे. या ठिकाणी रिमफायरची एक खास अडचण येते. काडतूस नसताना फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते आणि तो काठ चेपला जातो. मग काडतूस नीट बसत नाही किंवा बाहेर निघत नाही. बऱ्याच स्पर्धा-पिस्तुलांत यासाठी कोरड्या, म्हणजे गोळीविना, सरावाची वेगळी व्यवस्था असते, तिच्यात ट्रिगर सुटतो पण पिन आदळत नाही. ही सोय असणे ही चैन समजू नये, कारण घरच्या सरावाचा मोठा भाग गोळीविनाच होतो.

स्पर्धेत ताण तपासताना नळी उभी धरून ट्रिगरला १००० ग्रॅमचे वजन लटकवतात आणि पिस्तूल उचलले जाते; तेवढ्या वजनाने ट्रिगर सुटता कामा नये. नेमक्या १००० ग्रॅमवर जुळवलेला ट्रिगर तेलाच्या एका थेंबाने किंवा झिजेने मर्यादेखाली जाऊ शकतो, म्हणून थोडी सवड ठेवावी. नाशिकला भीष्मराज बाम यांच्यासारखे क्रीडा मानसशास्त्रज्ञ लाभले आणि एकाग्रतेच्या अभ्यासाला इथल्या नेमबाजीत मानाचे स्थान मिळाले. त्या एकाग्रतेला यंत्राने अडथळा आणू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे, आणि बोटाला खात्रीचा वाटणारा ट्रिगर त्यातला सर्वांत मोठा वाटा उचलतो.

साइट आणि तोल

साइटमधल्या अंतराचे महत्त्व एका साध्या हिशोबातून पटेल. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये २२० मिलिमीटर अंतर असताना पुढची साइट खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. अचूकतेच्या निशाणावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे आणि काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे ती गोळी काळ्या भागाबाहेर, सहाच्या कड्यात पडते. साइटमधले अंतर १५० मिलिमीटर असेल तर तीच एक मिलिमीटरची चूक १६७ मिलिमीटरवर जाते आणि चार गुण मिळतात. याउलट साइट एकमेकींशी जुळलेल्या असताना संपूर्ण हात एक मिलिमीटर हलला, तर गोळीही जेमतेम तेवढीच हलते. म्हणून नियमाच्या जवळ जाणारे अंतर असलेले पिस्तूल घ्यावे आणि आखूड नळीच्या खिशात मावणाऱ्या नमुन्यांच्या मोहात पडू नये.

मागची साइट दोन्ही दिशांना क्लिकने फिरली पाहिजे आणि प्रत्येक क्लिक हाताला जाणवली पाहिजे. खाचेत पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची पट्टी स्पष्ट दिसावी. एप्रिलमधल्या उघड्या रेंजवर चकाकणारी पुढची साइट एका कडेने उजळते आणि नेम नकळत सरकतो. म्हणून ती काळी, चमक नसलेली हवी, आणि चकाकत असेल तर कापराची काजळी धरून ती काळी करता येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर टेपने मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे आणि त्या अंतराचा चष्मा करून घ्यावा. वाचनाच्या चष्म्याने हे काम होत नाही.

वजनाचा आकडा तोलाइतका महत्त्वाचा नाही. थोडा पुढे झुकणारा तोल नळीला स्थिर ठेवतो, परंतु हात सरळ ठेवून अर्धा मिनिट धरल्यावर खांदा थरथरू लागला, तर ते पिस्तूल आज आपल्याला जड आहे. काही नमुन्यांत नळीखाली वजने लावता-काढता येतात. मुलामुलींसाठी ती सोय फार उपयोगी पडते. नळी हाताच्या जितकी जवळ, खाली बसवलेली असेल, तितकी ती धक्क्याने कमी उसळते आणि पुढच्या गोळीसाठी लवकर जागेवर येते.

नावांचा विचार

आता नावे. वॉल्थर जीएसपी, पार्दिनी एसपी, मोरिनी सीएम २२, फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू ९३ आणि हेमर्ली एसपी २० ही खास स्पर्धेसाठी घडवलेली पिस्तुले. त्यांच्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे ग्रिपच्या आत काही भरावे लागत नाही आणि ती हवी तशी घडवता येते. जीएसपीचा नमुना १९६८पासून चालत आलेला आहे, म्हणून जुन्या बाजारात तो सापडण्याची शक्यता अधिक. पार्दिनीचा तोल आणि खाली बसलेली नळी मला स्वतःला जास्त भावते. स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१, रुगर मार्क मालिका आणि ब्राउनिंग बक मार्क यांच्यात मॅगझिन मुठीत असते. ही दणकट पिस्तुले हौशी सरावाला चांगली आहेत, परंतु रुगर आणि बक मार्कचा मूळ ट्रिगर स्पर्धा-पिस्तुलांच्या तोडीचा नसतो. शिवाय नळीच्या लांबीनुसार एकाच नावाचे अनेक नमुने निघतात, तेव्हा १५३ मिलिमीटरची मर्यादा फूटपट्टी लावूनच तपासावी. नवशिक्याला सुस्थितीतले जुने जीएसपी आणि नवे रुगर यांपैकी एक निवडायचे असेल, तर मी जीएसपी सुचवेन, मात्र सुटे भाग आणि किमान दोन चांगली मॅगझिन सोबत मिळत असतील तरच.

जुने पिस्तूल पाहताना चेंबरच्या काठावर पिनचा खड्डा पडला आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. नळीच्या तोंडाशी ठोकर लागलेली नसावी, कारण गोळी शेवटी तिथूनच सुटते. मॅगझिनचे ओठ वाकलेले नसावेत. शस्त्राचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खाडाखोड दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

काडतूस आणि निगा

पिस्तूल ठरवण्याआधी आपल्या क्लबला आणि विक्रेत्याला नियमित मिळणारे काडतूस कोणते, ते विचारावे आणि त्याच काडतुसावर पिस्तूल चालवून पाहावे. स्पर्धा-पिस्तुले सुमारे ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाच्या, म्हणजे ध्वनीपेक्षा संथ, स्टँडर्ड काडतुसासाठी बनवलेली असतात. अतिवेगवान काडतुसाने अचूकता वाढत नाही. उलट स्लाइडवर जोराचे आघात होत राहतात. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस यांच्या काडतुसांतही एका लॉटचा (एकाच वेळी बनलेल्या खेपेचा) दुसऱ्या लॉटशी फरक पडतो, म्हणून वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून २५ मीटरवर प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या झाडाव्यात. त्या दहाच्या वर्तुळाच्या निम्म्या जागेत आल्या तर लॉट उत्तम. जेमतेम वर्तुळात मावल्या तर तो सरावाला ठेवावा. अडकण्याची खोड आहे का, हेही त्याच वेळी पाहावे, आणि शक्य असल्यास जानेवारीतल्या सकाळी पुन्हा पाहावे. आपल्याकडे त्या दिवसांत निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकी तापमानांत असतो. थंडीत गोळीवरचे मेण आणि यंत्रातले तेल दोन्ही घट्ट होते आणि उन्हाळ्यात सुरळीत चालणारे पिस्तूल रिकामे आवरण अर्धवट बाहेर टाकू लागते. पातळ तेल आणि रात्रभर घरात ठेवलेली काडतुसे यांनी बहुधा काम भागते.

गोळी सुटली नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे आणि रेंज अधिकाऱ्याला हाक मारावी. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा नेहमी हवाच. शिशाचा अंश हाताला लागतो, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत बंद ठेवले की गंज चढतो. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, सिलिका जेलच्या पुडीसह पोलादी तिजोरीत ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच ताब्यात असाव्यात.